मारिन्यानोचे घड्याळ

लढाईची आठवण कशाच्या रूपाने ठेवावी, हा प्रश्न मनुष्याला फार प्राचीन काळापासून पडत आला आहे. कोणी जयस्तंभ उभारले, कोणी कमानी बांधल्या. कोणी शत्रूच्या तोफा वितळवून घंटा ओतल्या, कोणी पदके पाडली, तर कोणी टपालाची तिकिटे छापली. अलीकडे या मालिकेत मनगटी घड्याळाचीही भर पडली आहे. एखाद्या घटनेला शंभर किंवा पाचशे वर्षे पूर्ण झाली की घड्याळांचे कारखाने तिच्या नावाने थोडी खास घड्याळे काढतात. तबकडीवर एखादे चित्र असते, पाठीवर तारीख कोरलेली असते, आणि हौशी माणसे ती मोठ्या आवडीने विकत घेतात.

स्तंभ आणि घड्याळ यांत एक भेद आहे. स्तंभ पाहावयाचा तर आपल्याला उठून त्याच्यापाशी जावे लागते. घड्याळ मात्र आपल्याबरोबर शाळेत येते, बाजारात येते, पंगतीला बसते. दिवसातून वीसपंचवीस वेळा आपली दृष्टी त्याच्यावर पडते. जी गोष्ट इतक्या वेळा डोळ्यांपुढे येणार, तिच्यावर काय काढावे आणि काय काढू नये, याचा विचार स्तंभापेक्षाही अधिक सावधपणे करावयास हवा. एका विशिष्ट लढाईचे उदाहरण घेऊन तो विचार येथे करावयाचा आहे.

ही लढाई इटलीतील मिलान शहराच्या आग्नेयेस, मारिन्यानो नावाच्या गावाजवळ, १५१५ सालच्या सप्टेंबर महिन्यात झाली. या गावाला आज मेलेन्यानो म्हणतात. एका बाजूस फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस होता आणि दुसऱ्या बाजूस स्विस लोक होते. पुढच्याच वर्षी या दोघांत जो तह झाला, त्याला ‘शाश्वत शांतता’ असे भारदस्त नाव मिळाले. लढाई आणि शांतता या दोहोंचा सन्मान करणारे घड्याळ काढावयाचे, तर याहून योग्य विषय मला तरी सुचत नाही. कारण घड्याळ म्हटले की कोणाच्याही तोंडी प्रथम स्वित्झर्लंडचेच नाव येते.

परंतु त्या काळचे स्विस लोक घड्याळांसाठी प्रसिद्ध नव्हते. ते प्रसिद्ध होते लढण्यासाठी. डोंगराळ मुलूख, थोडी शेती आणि घरात खाणारी तोंडे पुष्कळ. तेव्हा गावोगावचे तरुण लांब भाले घेऊन बाहेर पडत आणि जो राजा पैसे देईल त्याच्या बाजूने लढत. हजारो भालाइतांचा दाट चौकोन करून ते चालून आले की भले भले घोडेस्वार वाट सोडीत. त्यांची तेरा छोटी राज्ये होती. त्यांना कँटन म्हणत, आणि त्या सर्वांचा मिळून एक संघ होता. १५१२ साली या संघाने फ्रेंचांना मिलानमधून हुसकावून दिले आणि तेथील ड्यूकला आपल्या छत्राखाली गादीवर बसविले. १५१३ साली नोव्हारा येथे त्यांनी फ्रेंचांचा पुन्हा पराभव केला. त्यामुळे आपल्याला कोणी जिंकू शकत नाही, अशी त्यांची समजूत झाली असल्यास नवल नाही.

१५१५ च्या पहिल्याच दिवशी फ्रान्सिस गादीवर आला. त्याचे वय तेव्हा वीस वर्षांचे होते. मिलान परत घ्यावयाचे, हा त्याचा पहिला बेत. उन्हाळ्यात तो तीस हजारांहून अधिक सैन्य आणि सत्तरांच्या आसपास मोठ्या तोफा घेऊन आल्प्स पर्वत ओलांडू लागला. नेहमीच्या घाटांवर स्विसांचा पहारा होता. म्हणून फ्रेंचांनी सहसा कोणी न वापरलेली बिकट वाट धरली, खडक फोडून रस्ता केला आणि तोफा पलीकडे उतरविल्या. स्विसांजवळ शौर्य भरपूर होते, पण तोफा जवळजवळ नव्हत्या.

आता जी गोष्ट मी सांगणार आहे, ती या लढाईच्या वर्णनात बहुधा एकदोन वाक्यांतच आटोपली जाते. माझ्या मते मात्र तीच सर्वांत महत्त्वाची आहे. ८ सप्टेंबर १५१५ रोजी, म्हणजे लढाईच्या पाच दिवस आधी, गालाराते या गावी फ्रेंच आणि स्विस प्रतिनिधींमध्ये तह ठरला होता. फ्रान्सिसने मोठी रक्कम द्यावी आणि स्विसांनी मिलानवरचा हक्क सोडावा, असे त्याचे स्वरूप होते. बर्न, फ्रीबुर्ग आणि सोलोथर्न या कँटनांच्या सैनिकांनी तो मानला आणि ते घराकडे निघाले. ते सुमारे दहा हजार असावेत. उरलेल्यांत दोन तट पडले. तह पाळावा असे म्हणणारे होते, तसे तो लाजिरवाणा आहे असे म्हणणारेही होते. मातेउस शिनर नावाचे एक कार्डिनल, म्हणजे ख्रिस्ती धर्मातील मोठे अधिकारी, लढाईच्या पक्षाचे होते, आणि त्यांच्या वाणीत बळ होते. १३ तारखेस मिलानबाहेर एक लहानशी चकमक झडली. तिचे निमित्त झाले आणि सुमारे वीस हजार स्विस सैनिक मारिन्यानोच्या दिशेने निघाले.

शांतता लिहून तयार होती आणि तरी माणसे मरावयास निघाली, असा याचा अर्थ.

लढाई दुपारनंतर जुंपली. धुरळा, धूर आणि आरोळ्या यांत ती सूर्य मावळल्यावरही थांबली नाही; चंद्राच्या प्रकाशात माणसे एकमेकांना मारीत राहिली, आणि चंद्रही मावळला तेव्हा कोठे हात थांबले. त्या रात्री मित्र कोण आणि शत्रू कोण हेही पुष्कळांना उमगत नव्हते. दोन्ही सैन्ये मैदानातच, परस्परांपासून थोड्या अंतरावर, उजाडण्याची वाट पाहत बसून राहिली. पहाटे पुन्हा युद्ध सुरू झाले. स्विसांचे चौकोन तोफांच्या तोंडावर चालून जात होते आणि फुटत होते. सकाळी फ्रान्सिसच्या मदतीला व्हेनिसचे सैन्य येऊन पोहोचले, आणि दुपार होण्यापूर्वी स्विसांनी माघार घेतली. ते पळाले नाहीत. जखमींना खांद्यावर घेऊन, रांगा न मोडता परत गेले. मृतांच्या संख्येविषयी इतिहासकारांत एकमत नाही. परंतु दोन्ही बाजूंचे मिळून ते दहा हजारांहून बरेच अधिक होते, यात शंका नाही. फ्रेंचांच्या बाजूने लढलेला त्रिवुल्झिओ हा वृद्ध सेनापती, ज्याने आयुष्यभर लढायाच पाहिल्या होत्या, तो म्हणाला की ही राक्षसांची लढाई होती. हिच्यापुढे पूर्वीच्या लढाया म्हणजे पोरखेळ.

त्यानंतरची शांतता लढाईसारखी एका दिवसात झाली नाही. नोव्हेंबर १५१५ मध्ये जिनीव्हा येथे जो मसुदा झाला, तो तेरांपैकी आठच कँटनांनी मान्य केला; पाच अडून बसले. त्यांची समजूत घालण्यात एक वर्ष गेले. अखेरीस २९ नोव्हेंबर १५१६ रोजी फ्रीबुर्ग येथे तह झाला आणि तो तेराही कँटनांनी मानला. त्याची कलमे पाहिली तर आश्चर्य वाटते. जिंकलेल्या राजाने हरलेल्यांना सात लक्ष सोन्याची नाणी देण्याचे कबूल केले! स्विसांनी मिलानवरचा हक्क सोडला. परंतु आल्प्सच्या दक्षिण उतारावरील बेलिंझोना, लुगानो, लोकार्नो हा मुलूख त्यांच्याकडेच राहिला. आज स्वित्झर्लंडच्या चार राष्ट्रीय भाषांत इटालियन भाषा आहे आणि तिची मुले आपल्याच भाषेत शाळा शिकतात, याचे एक मूळ या तहात सापडते. स्विस व्यापाऱ्यांना फ्रान्समध्ये सवलती मिळाल्या. एकमेकांच्या शत्रूंना मदत करू नये, असेही ठरले. जेत्याने थोडा हात आखडता घेतला आणि पराभूतांनी थोडा अभिमान गिळला, तेव्हा हे घडले.

हा तह शाश्वत ठरला काय? १७९८ साली फ्रान्सच्या क्रांतिकारक सरकारचे सैन्य स्वित्झर्लंडमध्ये घुसले, तेव्हा तो संपला. मोजून पाहिले तर ही दोनशे ब्याऐंशी वर्षे होतात. शाश्वत या शब्दापुढे ती थोडी आहेत. पण दोन शेजाऱ्यांतील शांततेच्या दृष्टीने ती थोडी म्हणता येणार नाहीत. येथे दुसरेही एक सत्य सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र खोटे होईल. १५२१ साली बहुतेक कँटनांनी फ्रान्सच्या राजाशी करार करून त्याला भाडोत्री सैनिक पुरविण्याचे मान्य केले. त्यामुळे स्विस तरुण फ्रान्सविरुद्ध लढावयाचे थांबले खरे. पण फ्रान्ससाठी मात्र ते मरतच राहिले. १५२२ मध्ये बिकोका येथे, १५२५ मध्ये पाव्हिया येथे त्यांची प्रेते पडली. झुरिक हे कँटन तेवढे या करारापासून दूर राहिले. तेथील धर्मोपदेशक उलरिख झ्विंगली हे मारिन्यानोच्या स्वारीत सैनिकांबरोबर पुरोहित म्हणून गेले होते. परत आल्यावर ते लढाईच्या व्यापाराविरुद्ध सतत बोलत राहिले. ज्याने ते मैदान पाहिले होते त्याच्या बोलण्याला वजन आले, हे स्वाभाविकच होते.

आता या घटनेची आठवण निरनिराळ्या लोकांनी कशी ठेवली, ते पाहू. फ्रान्सिसने पदके पाडून घेतली आणि त्यांवर स्वतःला स्विसांचे दमन करणारा म्हणविले. पॅरिसजवळ सेंट डेनिस येथे त्याची भव्य समाधी आहे. तिच्या संगमरवरी पायथ्यावर या लढाईची चित्रे कोरली आहेत. घोडे, तोफा, भाले, सर्व काही अगदी रेखीव आहे. विजेत्याला लढाईचा देखावा आवडतो, ही जुनी रीत आहे.

स्विसांची आठवण निराळी आहे. झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयातील शस्त्रांच्या दालनासाठी भिंतीवरील चित्रांची एक स्पर्धा झाली, आणि फेर्दिनांद होडलर या चित्रकाराने तेथे मारिन्यानोची माघार काढावयाचे ठरविले. त्याने रक्ताने माखलेले, थकलेले, जखमी सोबत्याला पाठुंगळी घेतलेले सैनिक दाखविले. त्यावरून केवढा गहजब उडाला! संग्रहालयाचे संचालकच विरोधात गेले. आमचे पूर्वज असे हरलेले कशाला दाखविता, असे लोक म्हणू लागले. तीन वर्षांच्या वादानंतर १९०० साली ती चित्रे भिंतीवर उमटली. आज तीच चित्रे त्या दालनाचे भूषण मानली जातात. होडलरची बाजू मला पूर्णपणे पटते. जखमीला खांदा देणारा सैनिक हा तलवार उपसलेल्या सैनिकापेक्षा कोणत्या अर्थाने उणा आहे?

लढाईच्या जागीही, झिव्हिदो येथे, १९६५ साली एक दगडी स्मारक उभे राहिले. पराभवातून कल्याण झाले, अशा अर्थाचे लॅटिन शब्द त्यावर आहेत. शब्द सुंदर आहेत. परंतु ते वाचताना माझ्या मनात एक शंका येते. कल्याण झाले ते पुढच्या पिढ्यांचे. जे त्या शेतात पडले, त्यांना या कल्याणात वाटा मिळाला नाही. आणि ज्या शेतकऱ्यांची ती शेते होती, त्यांना तर कोणी विचारलेही नाही. त्याच गावाजवळ १८५९ च्या जूनमध्ये फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सैन्यांची पुन्हा एक लढाई झाली, हेही येथे नमूद करतो.

२०१५ साली मारिन्यानोला पाचशे वर्षे झाली, तेव्हा स्वित्झर्लंडमध्ये मोठा वाद झाला. स्विस लोक आज कोणाच्याही युद्धात पडत नाहीत, ही तटस्थता मारिन्यानोच्या पराभवातून जन्मली, असे काहींचे म्हणणे होते. अनेक इतिहासकारांनी ते मान्य केले नाही. भाडोत्री सैनिकांचा व्यवहार पुढेही शतकानुशतके चालू राहिला आणि युरोपातील सत्तांनी स्विस तटस्थतेला मान्यता दिली ती १८१५ मध्ये, हे त्यांनी दाखवून दिले. इतिहासकारांचे म्हणणे मला सयुक्तिक वाटते. म्हणून आपल्या घड्याळाच्या पाठीवर ‘तटस्थतेचा जन्म’ असले काही कोरणे बरोबर होणार नाही. दुकानदाराला ते कितीही सोयीचे वाटो.

घड्याळाच्या रचनेकडे वळण्यापूर्वी त्या वस्तूचाही थोडा इतिहास ध्यानी घेतला पाहिजे. जिनीव्हा येथे घड्याळांचा धंदा वाढला तो सोळाव्या शतकात. फ्रान्समध्ये धर्मासाठी छळ होऊ लागला, तेव्हा तेथील पुष्कळ प्रॉटेस्टंट कारागीर आसऱ्यासाठी जिनीव्हात आले आणि त्यांनी आपले कसब बरोबर आणले. १६०१ साली तेथे घड्याळजींचा संघही स्थापन झाला. ज्या दोन लोकांनी मारिन्यानो येथे एकमेकांची डोकी फोडली, त्यांच्यापैकी एकाच्या हातांनी दुसऱ्याच्या शेजारी वसलेल्या या नगरीत हा धंदा भरभराटीस आणला. जिनीव्हा पुढे १८१५ साली स्विस संघात आली.

आणि मनगटी घड्याळ? पूर्वी पुरुष साखळीचे घड्याळ खिशात ठेवीत. मनगटावर घड्याळ बांधणे हा बायकांचा दागिना समजला जाई. युद्धाने ही समजूत बदलली. एका हाती बंदूक आणि दुसऱ्या हाती लगाम किंवा नकाशा असता खिशातले घड्याळ काढणार कोण? दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात आणि त्याहून अधिक १९१४ ते १९१८ च्या महायुद्धात सैनिकांनी घड्याळ मनगटावर बांधले. तोफांचा मारा केव्हा थांबणार आणि पायदळाने केव्हा उठावयाचे, हे मिनिटावर ठरलेले असे. १ जुलै १९१६ रोजी सकाळी साडेसात वाजता फ्रान्समधील सोम नदीच्या परिसरात अधिकाऱ्यांनी आपापल्या घड्याळांकडे पाहून शिट्ट्या वाजविल्या आणि ब्रिटिश सैनिक खंदकांतून वर चढले. त्या एका दिवसात एकोणीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिक मृत्यू पावले. आपण शाळेची घंटा चुकू नये म्हणून जे घड्याळ बांधतो, ते असे रणांगणातून आपल्याकडे आले आहे. मग त्याच्या तबकडीवर आणखी एखादी तलवार काढण्याचे प्रयोजन काय? युद्ध त्याच्या पट्ट्यातच गुंफलेले आहे.

त्या महायुद्धाचा शेवटही घड्याळावरच झाला. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी पहाटे पाचच्या सुमारास युद्धविरामावर सह्या झाल्या. पण युद्ध थांबावयाचे होते सकाळी अकरा वाजता. मधले सहा तास तोफा चालूच राहिल्या. त्या एका दिवशी दोन्ही बाजूंचे मिळून अडीच हजारांहून अधिक सैनिक मरण पावले. हेन्री गुंथर हा अमेरिकन सैनिक दहा वाजून एकोणसाठ मिनिटांनी पडला. एका मिनिटाने अकरा वाजणार होते. १५१५ चे पाच दिवस आणि १९१८ चे सहा तास ही एकाच जातीची गोष्ट आहे. युद्ध आणि शांतता यांच्यामध्ये वेळेची एक पट्टी असते. तिच्यात मरणारी माणसे कोणत्याच जयस्तंभावर दिसत नाहीत. ती दाखविणे घड्याळाला मात्र शक्य आहे, कारण वेळ दाखविणे हेच त्याचे काम.

तेव्हा माझ्या कल्पनेतील घड्याळ असे आहे. त्याची तबकडी साधी, पांढऱ्या मिन्याची असावी. तीवर राजाचा मुखवटा नसावा, भाला नसावा, तोफ नसावी आणि कोणाचा झेंडाही नसावा. तबकडीच्या कडेला १ पासून ३१ पर्यंत तारखांचे आकडे गोलाकार मांडावेत. काही घड्याळांत तासकाटा, मिनिटकाटा आणि सेकंदकाटा यांखेरीज एक चौथा, बारीक काटा असतो. तो रोज मध्यरात्री एक घर पुढे सरकतो आणि तारीख दाखवितो. तसा काटा येथे हवा. या वर्तुळात ८ हा आकडा असावा, १४ हा असावा; परंतु ९ पासून १३ पर्यंतचे पाच आकडे छापूच नयेत. तेथे केवळ पाच रिकाम्या जागा सोडाव्यात. दर महिन्याला काटा त्या जागांवर येईल. घड्याळ बांधणारा तारीख पाहू जाईल आणि त्याला आकडा सापडणार नाही. त्याला ८ पासून स्वतः मोजावे लागेल. त्याचे हे क्षणभर अडखळणे मला हवे आहे. शेजारी बसलेला मित्र विचारील, “अरे, तुझ्या घड्याळाचे आकडे पुसले का?” मग त्याला गालारातेची हकीकत सांगावी लागेल. पुढे २९ या आकड्याच्या जागी सोन्याचा एक लहान ठिपका बसवावा. तो फ्रीबुर्गच्या तहाचा. साऱ्या घड्याळात सोने एवढेच. बाकी पेटी पोलादाची असावी.

यावर कोणी म्हणेल, “हा तर घड्याळाचा दोष झाला. तारीखच न दाखविणारे घड्याळ कोण विकत घेईल?” आक्षेप खोटा नाही. पाच दिवस गैरसोय होईल हे मी मान्य करतो. परंतु स्मारक म्हणून काढलेल्या वस्तूने कोणतीच गैरसोय करू नये, ही अपेक्षा मला थोडी विचित्र वाटते. दुसरा कोणी अधिक गंभीर आक्षेप घेईल. तो म्हणेल, “त्या स्विस भालाइतांचे शौर्य तुम्ही पुसून टाकता. तोफांच्या तोंडी चालून जाणे ही सामान्य गोष्ट आहे काय?” ती सामान्य गोष्ट मुळीच नाही, आणि ती विसरली जावी असे मलाही वाटत नाही. म्हणून घड्याळाच्या पाठीवर एक लहान आकृती कोरण्यास माझी हरकत नाही: एक माणूस दुसऱ्याला पाठीवर घेऊन चालला आहे. त्याचा वेष स्विस आहे की फ्रेंच, हे ओळखू येऊ नये. जखमी दोन्हीकडे होते. आकृतीखाली ‘मारिन्यानो १५१५’ आणि ‘फ्रीबुर्ग १५१६’ ही नावे सारख्याच आकाराच्या अक्षरांत असावीत. बहुतेक स्मारकांत लढाईचे अक्षर मोठे आणि तहाचे बारीक असते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

घड्याळ कोणत्या यंत्राचे असावे, याविषयीही माझे निश्चित मत आहे. आज विद्युत्‌घटावर वर्षानुवर्षे चालणारी घड्याळे मिळतात, आणि हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारीही मिळतात. हे घड्याळ मात्र रोज हाताने चावी द्यावी लागणारे असावे. फ्रान्स आणि स्विस यांचे सख्य एकदा सही करून चालू राहिले नाही. राजे बदलले की करार पुन्हा करावे लागत. १६६३ साली चौदाव्या लुईच्या कारकीर्दीत स्विस प्रतिनिधी पॅरिसला आले आणि नोत्र दाम या मोठ्या चर्चमध्ये त्यांनी व राजाने नव्याने शपथा घेतल्या. रोज सकाळी गुंडी वीसपंचवीस वेळा फिरवावी लागली, तर त्यात घड्याळ बांधणाऱ्याचे फारसे काही जात नाही. एखाद्या दिवशी विसरला तर ते बंद पडेल, आणि कोणाला तरी खरी वेळ विचारून पुन्हा लावावे लागेल.

अंधारात चमकणारे आकडे असावेत की नसावेत, याविषयी मी थोडा घोटाळ्यात आहे. महायुद्धाच्या काळात सैनिकांना रात्री वेळ दिसावी म्हणून आकड्यांना रेडियम मिसळलेला रंग देत. अमेरिकेतील कारखान्यांत तरुण मुली हा रंग देण्याचे काम करीत आणि कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरीत. त्यांच्यापैकी अनेक जणी त्या विषाने मरण पावल्या. आजचे चमकणारे रंग निर्धोक आहेत, हे खरे. तेव्हा आक्षेपाला आधार नाही. तरी मारिन्यानोची लढाई चंद्र मावळला म्हणून थांबली होती. या एका घड्याळात अंधार पडल्यावर वेळ दिसली नाही तरी चालेल, असे मला वाटते.

राहता राहिला फेब्रुवारी महिना. हा तारखेचा काटा साधा असल्यामुळे त्याला महिन्यांची लांबी कळत नाही. तो सर्व महिने एकतीस दिवसांचेच धरतो. फेब्रुवारीत २८ तारीख संपली की तो सोन्याच्या ठिपक्यावर जाऊन बसेल, आणि मालकाला गुंडी ओढून तो हाताने १ मार्चवर आणावा लागेल. एप्रिल, जून, सप्टेंबर आणि नोव्हेंबर संपतानाही एक घर पुढे ढकलावे लागेल. घड्याळजीने विकतेवेळी गिऱ्हाइकाला हे समजावून द्यावे, म्हणजे काटा बिघडला म्हणून कोणी घड्याळ परत आणणार नाही.